ठमाबाईच्या कंबरेवरची करवत

पडदा वर जातो तेव्हा समोर नेऱ्यातलं एक अंगण दिसतं. मागे प्रबळगड, सकाळच्या धुरकट उजेडात कुणी रंगवून टांगल्यासारखा सपाट. डाव्या हाताला कौलारू घर, शेणानं सारवलेला ओटा आणि ओट्याला लागून लांबट पडवी. पडवी रिकामी. उजव्या हाताला कुंपण मोडून आडवा झालेला म्हातारा शिरीष. मागच्या वळवात पडला, तेव्हापासून तसाच वाळत पडलाय. आणि अंगणाच्या बरोबर मध्यावर, जिथे नाटकात नायकानं उभं राहायचं, तिथे लाकडाच्या ठोकळ्यात रुतलेली एक कुऱ्हाड. तिच्या दांड्यावर कोळ्यानं जाळं विणलंय.

ओट्यावर बुधाजी बसला आहे. साठीचा, रुंद हाडाचा माणूस. उजवा हात मांडीवर ठेवलाय, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा. गेल्या मोसमात आंबे उतरवताना तो फांदीवरून पडला. खांदा निखळला, हाडवैद्यानं बसवला, पण तो हात काही पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही.

आणि आतून, चुलीच्या धुरातून, पदरानं डोळे पुसत जी बाहेर येते, ती ठमाबाई. ही गोष्ट तिची.

ठमाबाई ठेंगणी होती. नऊवारीचा कासोटा घट्ट मारून, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती एसटीनं पनवेलच्या बाजारात जायची, तेव्हा पाटीच चालत येतेय असं लांबून वाटायचं. पण आवाज! "वांगी घ्या, देठाला काटा हाय, खोटी नाय!" ही तिची आरोळी बाजाराच्या शेवटच्या गाळ्यापर्यंत जायची, तीही घशाला जराही ताण न देता. असा आवाज मिळावा म्हणून नट मंडळी पहाटे उठून गळा घासतात. तिला तो फुकट मिळाला होता आणि तिनं तो वांग्यांवर खर्च केला.

साल ब्याण्णव-त्र्याण्णवचं. चैत्र नुकताच लागला होता. रविवार होता, आणि तिचा मुलगा परेश नवीन पनवेलहून स्कूटरवर आला होता. तळोज्याच्या एका कंपनीत नोकरी, सिडकोच्या इमारतीत घर, दिपिकाशी लग्न होऊन दोन वर्षं झालेली. भला मुलगा. आल्या आल्या तो शिरीषाजवळ जाऊन उभा राहिला.

"आई, हे तसंच पडलंय. बाबांना कुऱ्हाड उचलत नाही. पावसाळ्यात जाळणार काय तुम्ही?"

"तुज्या स्कूटरचं चाक जालू. बरं जलंल."

"चेष्टा नको गं. मी आणि दिपिकानं ठरवलंय. आगोटीपर्यंत पडवी भरली नाही, तर पावसाळा आमच्याकडे. गॅस आहे, नळाला पाणी आहे, बाबांना दवाखाना जवळ आहे."

"आनि हितं?"

"इथं कुलूप."

ठमाबाईच्या हातातला तांब्या तिथेच थांबला. त्या काळी आमच्याकडच्या गावांत आगोट हा शब्द नुसता कानावर पडला तरी बायका कामाला लागायच्या. पाऊस लागायच्या आत चार महिन्यांचं सगळं घरात भरायचं. सुकी मासळी, मसाला, मीठ आणि या सगळ्यांच्या आधी लाकूड. लाकूड नाही तर चूल नाही, चूल नाही तर घर नाही. गॅससाठी परेशनं नाव नोंदवून ठेवलं होतं, पण नंबर कधी लागेल ते देवाला ठाऊक. आणि कुलूप म्हणजे काय, ते ठमाबाईनं आळीतल्या दोन घरांवर पाहिलं होतं. लावताना पावसाळ्यापुरतं लावलेलं, मग दिवाळीपुरतं, मग एक दिवस मुंबईहून कुणी गाडीतून उतरतं आणि जागा पायांनी मोजायला लागतं.

"मजूर लावतो हवं तर," परेश म्हणाला.

"माज्या अंगनात मजूर लाकडं फोडनार?" बुधाजी पहिल्यांदाच बोलला, आणि तो विषय तिथे संपला.

यामागे एक गोष्ट होती. त्या आळीत लाकडं फोडायची ती सावडीनं. सावड म्हणजे आज तू माझ्या अंगणात, उद्या मी तुझ्या. चाळीस वर्षं कुणाकडे लग्न असो, आगोट असो, कुऱ्हाड खांद्यावर टाकून सगळ्यांत आधी दारात उभा राहणारा माणूस म्हणजे बुधाजी. त्यामुळे त्याचा खांदा गेल्यावर शेजारचा दाजी आपली कुऱ्हाड घेऊन आपणहून आला होता. बुधाजीनं त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

"दाजी, मी तुज्याकडं येवू शकत नाय. मंग तू माज्याकडं कसा येतंस? ती सावड नाय रं. ती दया."

दाजी गेला. ठमाबाईला नवऱ्याचा रागही आला होता आणि त्याचं बरोबरही वाटत होतं. दोन्ही एकदम आलं की ती भांडी घासायला बसायची.

दुसऱ्याच आठवड्यात बाजारातून परतताना तिनं तो आवाज ऐकला. पनवेल स्टेशनच्या पलीकडे रेल्वेच्या नव्या रुळांचं काम चाललं होतं आणि वाटेतली झाडं तोडायला एक ठेकेदार आला होता. एक माणूस हातात काहीतरी धरून बाभळीपुढे उभा होता. ते यंत्र शंभर भुंग्यांसारखं गुणगुणलं, आणि बाभळीचा बुंधा भाकरीचा तुकडा मोडावा तसा वेगळा झाला. ठमाबाई डोक्यावरच्या रिकाम्या पाटीसकट तिथेच उभी राहिली. एसटी गेली. पुढचीही गेली.

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा बुधाजी हसला. "तुला काय झालं? बायका करवत चालवतात?"

"बायका नांगर सोडून सगलं चालवतात. तुमी फकस्त संगं चला."

गेली ती दोघं. आधी पनवेलच्या एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात. तिथलं नवं पेट्रोलचं यंत्र काचेच्या कपाटात देवासारखं बसवलेलं, आणि किंमत ऐकल्यावर देवळातल्यासारखे हातच जोडावेत अशी. दुकानदारानं मग विजेवरचं दाखवलं, स्वस्तातलं. ठमाबाईनं वायर हातात घेऊन पाहिली.

"आमच्याकडं उन्हाल्यात बलब लागतो तो मिरचीसारखा लाल दिसतो. त्याच्यावर ह्यो फिरंल?"

"मग कठीण आहे, मावशी."

"आनि करंट गेला तं मी लाकडाला दात लावू?"

दुकानदार हसला आणि त्यानंच सांगितलं, की रेल्वेचा ठेकेदार जुनी यंत्रं विकायला काढतोय, तिथे जाऊन बघा.

ठेकेदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन करवती जमिनीवर पडल्या होत्या. तिथला मुकादम सगळ्यांत मोठीची तारीफ करू लागला. लांब पातं, ताकदीचं इंजिन, सागाचा सोट एका दमात. ठमाबाईनं त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग ती खाली वाकली, मोठी करवत उचलली आणि लेकरू घ्यावं तशी डाव्या कंबरेवर घेतली. दोन पावलं चालली. खाली ठेवली. "ही मना वढतेय." मधली उचलली, तीही खाली ठेवली. तिसरी सर्वांत लहान होती. पुढची मूठ तुटलेली, दोरी ओढायची कडी गायब. ती कंबरेवर घेऊन ती शेडच्या दारापर्यंत गेली, वळून परत आली, उभ्या उभ्याच दोनदा हलली.

"ही बसली," ती म्हणाली.

"अहो बाई, ती भंगारात चाललीय. मूठ नाही तिला."

"पोराला पन मूठ नसते. वागवतोच ना?"

ती भंगाराच्या भावात मिळाली. भाजीच्या पैशातून तिनं बाजूला टाकलेल्यात बसली. बुधाजी मात्र परतताना एसटीत खिडकीबाहेर बघत राहिला, बायको भलत्याच कुणाचं पोर घेऊन चालली असावी तसा.

पनवेलच्या एसटी स्टँडमागे धर्मराजचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. परेशची स्कूटर त्याच्याकडेच जायची. करवत पाहून तो डोकं खाजवू लागला. पण इंजिन दोन स्ट्रोकचं, लुनाच्या जातीचं. हे कळल्यावर त्याला जोर आला. मोडक्या सायकलचा हँडल कापून, वाकवून त्यानं पुढची मूठ केली. तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली, हाताला झिणझिण्या येऊ नयेत म्हणून. लांब पातं काढून आखूड बसवलं आणि साखळीचे दुवे तेवढे कमी केले. धुराची नळी उजव्या मांडीच्या दिशेनं होती. नऊवारी भाजली असती. तिच्यावर डालड्याच्या डब्याचा पत्रा वळवून लावला. मूळ पत्र्यावरचं नारळाचं हिरवं झाड बाहेरच्या बाजूला आलं. ते ठमाबाईला इतकं आवडलं की तिनं त्यावर तेलाचा रंग फिरवू दिला नाही.

राहिली दोरीची कडी. धर्मराज प्लास्टिकची देत होता. तिनं घरून जात्याचा खुंटा आणला. "ह्यो धरून मी जलमभर दललंय. हात वलखतो त्याला." खुंट्याला भोक पाडून दोरी ओवली. साखळीला लागणारं तेल महाग, म्हणून करंजाचं तेल घालायचं ठरलं. ते घरात होतंच, बुधाजीच्या खांद्याला चोळायला आणलेलं.

आणि या सगळ्यात गंमत झाली. बुधाजी ओट्यावरून उठला. एका हातानं तो काय करणार? पण दोन दुबेळकी, बेचक्यासारख्या फांद्या आणून, पायानं दाबून, डाव्या हातानं दोरी आवळून त्यानं लाकडाची घोडी केली. ओंडका तिच्यावर आडवा ठेवला, की कापणाऱ्याला वाकावं लागणार नाही. बायकोच्या उंचीला बरोबर बसेल अशी. माप घेताना त्यानं तिला उभं केलं आणि कंबरेशी हात धरला. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, तरी ठमाबाई लाजली.

मग आली अक्षय्य तृतीया. नवं अवजार घरात आलं, तर ते पुजल्याशिवाय हातात घ्यायचं नाही, ही रीत. तिनं करवत पाटावर ठेवली. हळद-कुंकू लावलं, जास्वंद वाहिली, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला. आणि तिथेच ती चुकली. परेशच्या स्कूटरच्या वेळी भटजींनी नारळाचं पाणी चाकावर शिंपडलं होतं. इथे चाक कुठलं? तिला इंजिनाच्या बाजूला झडपेसारख्या फटी दिसल्या. हेच मशीनचं तोंड असणार, असं तिला वाटलं. नैवेद्य तोंडात द्यायचा असतो. तिनं वाटीभर पाणी, चिमूटभर कुंकू टाकून, प्रेमानं, थेंब न सांडता, त्या फटींतून आत पाजलं.

त्यानंतरच्या रविवारी मुहूर्त. अख्खी आळी कुंपणाला लागली होती. नाटक कंपनीला कधी मिळत नाही असं गच्च भरलेलं प्रेक्षागृह. परेश आणि दिपिकाही आली होती. ठमाबाईनं पदर खोचला, पाय मुठीवर ठेवला, खुंटा धरला आणि ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. करवत नुसती खाकरली. विहिरीतून पाणी शेंदणारे तिचे दणकट हात, पण दहा वेळा ओढून तिच्या कपाळावरून घाम निथळू लागला.

"वयनी, ईर आटली वाटतं!" दाजी कुंपणापलीकडून ओरडला आणि सगळे हसले.

"तू उतर ईरीत, गाल काढायला!" तिनं उत्तर दिलं, पण तिचा तो बाजारभर जाणारा आवाज अंगणाच्या बाहेर गेला नाही.

परेश जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आई, राहू दे आता. दिपिकानं आतली खोली रिकामी करून ठेवलीय. बॅग भर."

ठमाबाईनं बॅग भरली नाही. पण त्या दिवशी ती जेवलीही नाही.

सकाळी ती झाडायला बाहेर आली, तेव्हा पाटावरच्या करवतीला मुंग्या लागल्या होत्या. लाल मुंग्यांची सरळ रांग ओट्यावरून चढून त्या फटींतून आत जात होती. ती उकिडवी बसली. रांगेकडे बघत राहिली. मग तिनं वाकून फटीला नाक लावलं. गोडसर, आंबूस वास. आंबलेल्या नारळाचा.

"आवं!" तिनं बुधाजीला हाक मारली. "मी हिला नारलाचं पानी पाजलं वो! तोंडात वतलं!"

करवत जुन्या गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ती एसटीत बसली. कंडक्टरनं गोधडीकडे पाहिलं. "मावशी, हाफ तिकीट लागेल का?"

"दूद पिते आजून. फुकट यायची."

धर्मराजनं आतली जाळी काढली तर ती कुंकवानं लाल झालेली. तो इतका हसला की त्याला पाना खाली ठेवावा लागला. "काकी, हिला नैवेद्य नुसता दाखवायचा. भरवायचा नाही." त्यानं जाळी पेट्रोलमध्ये धुतली, उन्हात वाळवली, प्लग पुसला. मग खुंटा तिच्याच हातात दिला. तिनं ओढला, आणि गॅरेजमधल्या सगळ्या स्कूटरींना दचकवत ती करवत गरजली.

घरी येऊन तिनं कुणाला बोलावलं नाही. कासोटा आवळला, डोळ्यांवर बुधाजीचा जुना चष्मा चढवला. बुधाजी ओंडक्याच्या लांबच्या टोकावर बसला, लाकूड हलू नये म्हणून. शिरीषाचा भुस्सा उडू लागला, पिवळट, उबदार. करंजाच्या तापलेल्या तेलाचा कडवट वास अंगणभर पसरला. आज त्या भागात फार्महाऊसं आहेत, तलाव आहेत पोहायचे, आणि उन्हाळ्यात वास येतो तो क्लोरीनचा. त्या दिवसांत तिथे कुणी जात असेल आणि त्याला तो करंजाचा वास आला असेल, तर त्यानं ठमाबाईला पाहिलं नसलं तरी ऐकलं नक्की असेल.

बुंध्याच्या गोल गोल चकत्या पडत गेल्या. जात्याच्या पाळ्यांसारख्या. दिवस मावळतीला आला तेव्हा निम्मा शिरीष कापून झाला होता. तिनं करवत बंद केली. एकदम सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत नवरा-बायको दोघं त्या चकत्यांकडे बघत राहिली.

चकत्या चुलीत जाणार नव्हत्या. त्या फोडायला कुऱ्हाडच हवी होती. करवत आडवं कापते, उभं फोडत नाही. मूठ, दोरी, तेल, पातं, सगळ्याचा विचार झाला होता. याचा झाला नव्हता.

ठमाबाई खाली एका चकतीवर बसली. "भरू का मंग ब्याग?" ती म्हणाली. थट्टेनं म्हणाली, पण पुढे हसली नाही.

तेवढ्यात कुंपणापाशी दाजी उभा दिसला. तो किती वेळ उभा होता कोण जाणे. या वेळी त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती.

"वयनी," तो म्हणाला, "माज्या परसात आंब्याचा ओंडका हाय. कवाचा. कुराडीनं आडवा कापायला गेलो तं पातंच उडतं. वेणूचं लगीन ह्याच म्हैन्यात. लाकडाशिवाय जेवान कसं घालू?" वेणू म्हणजे त्याची थोरली मुलगी.

ठमाबाई चकतीवरून उठली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सगळं आता त्याच्या तोंडून यायला हवं होतं. तिनं हो म्हटलं असतं तर बदल्यात दाजी चकत्या फोडायला आला असता, आणि बुधाजीनं तीही दयाच समजून त्याला पुन्हा चहा पाजून परत पाठवला असता.

बुधाजी ओंडक्यावरून उठला. डाव्या हातानं धोतरावरचा भुस्सा झटकला. बराच वेळ झटकत होता. रंगमंचावर असा विराम कुणी घेतला असता तर त्याला टाळी पडली असती.

"दाजी," तो म्हणाला, "कुराडीला धार हाय का?"

"हाय की."

"मंग उद्या सकाली ये, ह्या चकत्या फोडायला. आनि येताना तो आंबा दारात वढून ठेव. आमची सावड दुपारी येल."

दाजी मान हलवून निघाला. कुंपणापाशी वळला. "सावड कोनची? तुजी का वयनीची?"

"घराची," बुधाजी म्हणाला.

मग ती आगोट लोकांनी वर्षानुवर्षं सांगितली. सकाळी ठमाबाईच्या अंगणात तीन-चार कुऱ्हाडी पडायच्या, दुपारी ठमाबाई करवत कंबरेवर घेऊन कुणाच्या तरी दारात. पुढे बुधाजी, खांद्यावर त्याची ती घोडी, डाव्या खांद्यावर, वाजंत्री वाजत असल्यासारखा छाती काढून. आळीतल्या बायका तिला बघायला बाहेर यायच्या. एकीनं विचारलं, "भीती नाय वाटत गो?" ठमाबाई म्हणाली, "वाटते की. ती पन मना भिते. म्हनून दोगी नीट ऱ्हातो." वेणूच्या लग्नातला भात त्याच लाकडावर शिजला. आणि ठमाबाईला मांडवात नवरीच्या आत्याच्या बरोबरीनं पाटावर बसवलं, तिच्या हाताला पेट्रोलचा वास येत होता तरी.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी परेश आणि दिपिका आली. पडवी छतापर्यंत भरली होती. शिरीषाची फोडलेली लाकडं, एकावर एक, कापलेली तोंडं बाहेर. दारातून आत जाण्यापुरती वाट सोडलेली. परेश त्या भिंतीपुढे उभा राहिला. त्यानं एका लाकडावर बोटं वाजवून बघितली. हसला, पण त्याचा चेहरा पडला होता. रिकाम्या केलेल्या खोलीत त्यानं बापासाठी कमी उंचीचा पलंगही आणून ठेवला होता, हे ठमाबाईला दिपिकानं आत हळूच सांगितलं होतं.

"म्हणजे येणार नाहीच तुम्ही," तो म्हणाला.

ठमाबाईनं करवत पुसून गोधडीवर ठेवली. मुलाजवळ आली आणि त्याच्या शर्टावर उडालेला भुस्सा बोटानं काढत म्हणाली, "येन रं बाला, का नाय येनार? पन पावनी म्हनून येन. दिपिकाच्या हातची चाय घेन, त्या पलंगावर घटकाभर लोलन, आनि मंग तू मना दुपारच्या यष्टीत बसवून दे."